खुडूक बसणारी कोंबडी

या स्तंभासाठी जी पत्रं येतात, त्यांत लोणची-पापडांच्या खालोखाल कोणत्या विषयाची विचारणा असते, सांगा पाहू? कोंबड्यांची! बेला, जैनथ, भीमपूरकडच्या बायका विचारतात, तांसीहून फोन येतो, किनवट-पांढरकवड्याच्या वाचक भगिनीही लिहितात. प्रश्न फिरून फिरून तेच. गावरान पाळावी की सरकारी? पिल्लं जगत का नाहीत? आणि तिसरा प्रश्न, जो अलीकडे फार वाढला आहे: "ताई, तलंग अंडी तर छान घालते, पण बसतच नाही. तिला बसवायचं कसं?"

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. जिच्या रक्तात बसणं नाही, तिला बसवता येत नाही. टोपलीखाली कोंडा, अंधार करा, खाली डझनभर अंडी ठेवा, ती उठून निघून जाणार. आपल्या आज्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांच्यापुढची अडचण उलटी होती. कोंबडी खुडूक बसली की उठता उठत नसे! मग कोणी तिला हौदात बुडवायचं, कोणी तिच्या नाकात तिचंच पीस खुपसायचं. (हा दुष्टपणा अजूनही कोणी करत असेल तर थांबवा. खुडूक मोडायचीच असेल तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावं, दाणापाणी द्यावं, ती आपोआप विसरते.) त्या आज्यांची ती हट्टी, अंग फुगवून 'कुर्रर्र' करणारी, हात घातला तर चोच मारणारी कोंबडी आज अंगणांतून कमी होत चालली आहे.

आधी 'गावरान' म्हणजे काय ते पाहू. गावरान हे कोंबडीचं आडनाव आहे, जात नव्हे. आपली तेलुगू शेजारीण तिला नाटुकोडी म्हणते. एकाच अंगणात लाल, काळी, कबरी, राखाडी, डोक्यावर पिसांचा झुबका असलेली, उघड्या मानेची अशा सगळ्या नांदतात. उघड्या मानेची दिसायला बापडी ओंगळ, पण अंगावर पिसं कमी असल्यामुळे ती उन्हाळा इतरांपेक्षा बरा काढते. आपल्या आदिलाबादेत हिवाळ्यात पारा एकेरी आकड्यावर येतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. दोन्ही टोकं झेलणारं पाखरू कोणत्याही कंपनीने तयार केलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या जे मेलं ते मेलं आणि जे उरलं त्याचीच अंडी बसवली गेली, त्यातून ते झालं आहे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशी कोंबड्यांच्या जातींची रीतसर नोंद होते. त्यात आपल्या शेजारपाजारचे पुष्कळ आहेत. मूळच्या छत्तीसगड-ओडिशा-आंध्रच्या पट्ट्यातला असील आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ आहे, आणि नंदुरबार-धुळ्याकडचा, लगतच्या गुजरातेतही सापडणारा बुसरा आहे. असील हा झुंजीचा पक्षी. झुंज लावणं कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच. पण त्याची मादी पिल्लांसाठी घारीच्या अंगावरही धावून जाते, हे ज्यांनी पाळली आहे त्या सांगतील. रानातल्या नात्याचंही ऐकून ठेवा. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा, हे सर्वांना माहीत असतं. पण २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जगभरच्या कोंबड्यांची पिवळी कातडी आली ती करड्या रानकोंबड्याकडून, आणि हा करडा राहतो फक्त आपल्या हिंदुस्थानच्या द्वीपकल्पात. म्हणजे अमेरिकेतल्या पिवळ्या पायाच्या कोंबडीचं अर्धं गोत्र इकडचंच!

असो. मुद्दा गोत्राचा नाही, पैशाचा आहे, आणि तोही बाईच्या पैशाचा.

कापसाचा पैसा येतो तो अडत्याकडून, सातबाऱ्यावर किंवा पट्ट्यावर ज्याचं नाव त्याच्या हातात. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यावर जातो. कोंबडीचा पैसा मात्र बाजाराच्या दिवशी पदराच्या गाठीत येतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. पोराची वही, स्वतःच्या बांगड्या, माहेरी जायचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी ही सगळी त्यातूनच निघतात. इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरच्या बाजारात जाऊन पाहा. पाय बांधलेला एकेक कोंबडा घेऊन बसलेल्या बायका दिसतात. एकच कोंबडा! तो विकला की त्या मीठ-मिरची घेऊन घरी. गुड्यांमध्ये आखाडीला, पेरणीला, देवाच्या कार्याला कोंबडा लागतो तो रंग पाहून. पोल्ट्रीतला पांढरा तिथे चालत नाही. पाहुणा आला तर घरचाच कापायचा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा धंदा सुरू करायला भांडवल लागत नव्हतं. शेजारणीकडून दहा अंडी उसनी आणायची, कोणाची तरी खुडूक कोंबडी मागायची, की झालं. भांडवल म्हणजेच ती बसणारी कोंबडी.

इथे सरकारी पक्ष्यांचा विषय येतो. मी त्यांच्या विरोधात मुळीच नाही, हे आधी लिहून ठेवते. हैदराबादच्या राजेंद्रनगरातल्या केंद्रीय कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा आणि ग्रामप्रिया हे दोन पक्षी खास परसासाठी तयार केले. आपली गावरान वर्षाला फार तर ५०-६० अंडी देते. वनराजा शंभरावर देते, ग्रामप्रिया १६० ते १८० पर्यंत जाते. कोंबडा लवकर वजनावर येतो. ज्या घरात लेकरांना अंडं मिळत नव्हतं तिथे ते मिळू लागलं, हे काही लहान काम नव्हे.

पण अंडी वाढवण्याची एक किंमत असते. कोंबडी खुडूक बसली की तिची अंडी बंद होतात. एकवीस दिवस बसण्याचे आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांचे. त्यामुळे जास्त अंड्यांसाठी निवड करताना बसण्याची ओढ आपोआप गाळली जाते. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये ती जवळजवळ उरलेलीच नाही, आणि वनराजा-ग्रामप्रियाही बसत नाहीत. म्हणून पुढची पिढी हवी असेल तर पुन्हा पिल्लं विकत आणा, नाहीतर मशीनमध्ये उबवा. कोणी म्हणेल, वनराजाची अंडी गावरानीखाली बसवू. बसवा की, पिल्लं निघतील. पण वनराजा हा दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेला पक्षी, त्याच्या पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत. संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरल्यासारखं ते आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय जड अंगाचं पाखरू घारीपासून पळत नाही. म्हणूनच ही पिल्लं पहिले सहा आठवडे ऊब आणि दाणा देऊन सांभाळून मग मोकळी सोडावीत, असं तज्ज्ञ सांगतात. ते ज्यांना जमतं त्यांनी जरूर आणावीत. पण सगळं अंगण त्यांनीच भरून टाकू नये.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. आकडा वाचून बरं वाटलं. मात्र त्यात सुधारित पाखरंही आहेत, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता माझ्या सासरची गोष्ट सांगते. बेल्याकडे पैनगंगेच्या काठी आमचं गाव. सासूबाईंनी लग्नानंतर वणीकडच्या माहेराहून एक कबरी कोंबडी डालग्यात घालून आणली होती. तिच्या लेकी-नाती सतत घरात. त्या वंशाची खूण म्हणजे पायावर पिसं आणि बसायला पक्की. सासूबाई पिल्लं विकायच्या, कोंबडे विकायच्या, पण चांगली बसणारी मादी कधी बाजारात न्यायच्या नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात शेजारच्या वाडीत मर लागली. तिकडच्या लोकांनी घाबरून कोंबड्या बाजारात स्वस्तात काढल्या. दहा दिवसांत आमच्या गल्लीत एकही कोंबडी उरली नाही. सासूबाईंची सोळा पाखरं गेली. शेवटची खुडूक होती, ती अंड्यांवरच मान वाकडी करून पडली. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ऐंशीच्या घरातल्या बाईला "दुसऱ्या आणू" असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

वंश वाचला तो एका जुन्या रीतीमुळे. आदल्या वर्षी नणंदेला किनवटकडे एक तलंग अर्धलीने दिलेली होती. म्हणजे कोंबडी आपली, सांभाळ तिचा, पिल्लं निम्मी-निम्मी. त्या वाट्यातल्या दोन माद्या आणि एक नर परत आले. आज पुन्हा नऊ आहेत. अशीच वाट्याची पद्धत पूर्व गोदावरीच्या आदिवासी बायकांत असील कोंबडीसाठी आहे. ज्या गावांत असील संपला होता तिथे तो पुन्हा पोचला तो याच मार्गाने. बँकेत ठेव ठेवावी तशी चांगली मादी दुसऱ्या गावात ठेवलेली असावी. एकाच गल्लीत नको, मर लागली तर दोन्ही जातात.

त्या मरीचं नाव मानमोडी. इंग्रजी पुस्तकांत न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे राणीखेत. कारण हिंदुस्थानात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेत इथे. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पंख लोंबणं आणि मग मान पिरगळणं. एकदा लागली की औषध नाही. लसूण, हळद, बाजारातली लाल गोळी, काही नाही. लस न दिलेल्या कळपात बहुतेक सगळी पाखरं जातात. मला स्पष्ट वाटतं की आपल्या अंगणातली गावरान कोंबडी वनराजाने हटवलेली नाही. दर उन्हाळ्यात सगळं मरतं म्हणून कंटाळून बायकांनी पाळणं सोडलं, हेच खरं कारण आहे.

लस मात्र आहे, आणि ती महाग नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन पंखाखाली कातडीत. मोठ्या कोंबड्यांना सहा-सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी, ती उन्हाळ्याच्या आधी पडेल असं बघावं. त्याआधी आठवडाभर जंताचं औषध दिलेलं असावं. आजारी पाखराला लस देऊ नये.

अडचण कुठे येते? लसीची बाटली येते शंभर-दोनशे मात्रांची. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फावर ठेवावी लागते. ज्या बाईच्या आठ कोंबड्या आहेत ती शंभराची बाटली कशी आणणार? म्हणून हे काम एकटीचं नव्हे, गल्लीचं आहे. आमच्या गावात त्या मरीनंतर ड्वाक्रा गटातल्या बायकांनी ठरवलं की एक दिवस नेमायचा. गोपालमित्राला आधी सांगून ठेवतात. थर्मासात बर्फ घालून ढोरांच्या दवाखान्यातून बाटली येते. वेळ संध्याकाळची, दिवेलागणीनंतर. कोंबड्या खुराड्यात गेलेल्या असतात, पळापळ नाही. एकीने बॅटरी धरायची, एकीने पाखरू, तिसरीने थेंब. दीड तासात गल्ली संपते. पहिल्या वर्षी निम्म्या घरांनी नको म्हटलं. लस दिली की अंडी बंद होतात, अशी समजूत! मोठ्या कोंबडीची दोन-चार दिवस होतातही कमी. दुसऱ्या चैत्रात ज्यांची वाचली त्यांची बघून बाकीच्या स्वतःहून आल्या.

बर्ड फ्लूचं वेगळं. देशात तो पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. रोग पोल्ट्र्यांमध्ये दिसला, पण मारल्या गेल्या त्या आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही. रोग माणसाला होऊ शकतो, तेव्हा मारणं टाळता येण्यासारखं नव्हतं. मोबदलाही मिळाला. पण वर बुसरा कोंबडीचा उल्लेख केला ना, तिचं घर हाच मुलूख. मोबदला नगावर मिळतो, वंशावर नाही. म्हणून दुसऱ्या गावातल्या त्या ठेवीचं महत्त्व मी इतकं सांगते आहे. एकाएकी पुष्कळ पाखरं मेली तर हातात उचलू नका, बाजारात काढू नका, कापून खाऊ नका. आधी ढोरांच्या दवाखान्यात कळवा.

आता बसवण्याकडे येते.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळी ते होळी. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन असं असतं की कोंबडी न बसताच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मध्येच मरते. पावसाळ्यात पिल्लं निघतात, पण ओलीत रक्ती हगवण लागते आणि टपाटप जातात. कार्तिकातली खुडूक सगळ्यांत उत्तम. थंडी असली तरी आईचं अंग असतं, आणि मळणीचा दाणा अंगणात सांडलेला असतो.

अंडी निवडताना आठवड्याच्या आतली घ्यावीत, ऊन असेल तर चार-पाच दिवसांची. फार मोठी, फार लहान, लांबट, खडबडीत नकोत. धुवायची नाहीत, वरचा पातळ थर गेला की घाण आत शिरते. निमुळतं टोक खाली करून गार जागी, मडक्यात ज्वारीवर ठेवावीत. फ्रिजमधली नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचं, अंडी कोणाची? जी स्वतः चांगली बसते, पिल्लं सांभाळते आणि मागच्या मरीतून तगली तिची. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. सगळ्यांत धिप्पाड कोंबडा पाहुण्याच्या ताटात जातो, चांगली मादी बाजारात जास्त पैसे देते म्हणून जाते, आणि मागे उरलेल्यांची अंडी बसवली जातात. दहा वर्षं असं चाललं तर वाण खालावणार नाही तर काय!

टोपली उथळ, खाली राख, त्यावर गवत, थोडी कडुनिंबाची पानं. उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. लहानखुऱ्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. अठरा-वीस ठेवण्याचा मोह होतो, पण कडेची गार पडतात आणि आतबाहेर होता होता सगळीच बिघडतात. रात्री बसवावी. सासूबाई टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. मी कधी वाद घातला नाही. खिळ्याने अंड्याचं काही बिघडत नाही!

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर फोल, ते काढून टाका. कोंबडी दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेव्हा दाणापाणी जवळ असावं. अंडी आपण उलटवायची गरज नाही, ती दिवसातून कितीदा तरी चोचीने फिरवते. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. विसाव्या दिवशी कान जवळ न्या. कवचाच्या आतून पिल्लू बोलतं आणि बाहेरून आई हळू आवाजात उत्तर देते. हे मशीनमध्ये होत नाही.

पिल्लं निघाल्यावर घाईने खायला घालायचं कारण नाही. पोटात बलकाचा साठा असतो, दीड-दोन दिवस त्यावर निघतात. मग ज्वारीचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी. पाणी उथळ बशीत, मध्ये चार खडे टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात. वाढीला नुसता दाणा पुरत नाही, किडा-मुंगी हवी. जुनी युक्ती आठवते का? मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून वारुळाच्या तोंडाशी रात्रभर पालथं घालायचं. सकाळी उधळी भरलेली असते, ती पिल्लांपुढे झटकायची. फुकटचं पौष्टिक खाद्य. ज्वारी कमी झाली, कपाशी घराच्या भिंतीपर्यंत आली, तेव्हापासून अंगणात सांडणारा दाणाही कमी झाला. फवारणीच्या दिवसांत मात्र कोंबड्या शेतात सोडू नका. विषाने मेलेली अळी खाऊन पाखरं गेल्याचं ऐकते.

पहिला महिना घार-शिक्र्यांचा. आईला डालग्याखाली ठेवायचं आणि फटींतून पिल्लं आतबाहेर करू द्यायची, ही युक्ती उत्तम. संकट वरून आलं तर आईचा आवाज वेगळा आणि मांजर-मुंगूस जमिनीवरून आलं तर वेगळा, हे नीट ऐकलं तर आपल्यालाही कळू लागतं. वरच्या हाकेला पिल्लं जागच्या जागी दडतात. मशीनची पिल्लं हे शिकणार कोणाकडून? रात्री खुराडं जमिनीपासून हातभर उंच, फळ्यांच्या तळाचं, ओल नसलेलं असावं. एवढं केलं आणि लस चुकवली नाही, तर दहातली सात-आठ पिल्लं मोठी होतात. काही न करता सोडलं तर तीन-चार.

नर दर दोन वर्षांनी बदलायचा. स्वतःच्याच लेकींवर तोच कोंबडा फिरत राहिला तर अंडी फोल जातात आणि पिल्लं दुबळी निघतात. विकत आणण्यापेक्षा दोन गावांतल्या दोन घरांनी कोंबड्यांची अदलाबदल करावी. बाजारातून आणलेलं कोणतंही पाखरू पंधरा दिवस वेगळं बांधावं, मगच कळपात सोडावं.

कडकनाथबद्दल विचारतात त्यांना एवढंच सांगते. जात अस्सल आहे, २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावाने जे झालं ते विसरू नका. "पिल्लं आमची, अंडी आम्ही विकत घेऊ" म्हणून लोकांनी लाखो रुपये भरले आणि बुडाले. हौस म्हणून चार पाळा. कर्ज काढून नको. बाजारात तपकिरी कवचाची अंडी 'गावरान' म्हणून दुप्पट भावाने विकतात, तेही तसंच. कवचाचा रंग जातीचा असतो, अस्सलपणाचा नाही. आपल्या गावरानीचं अंडं बहुधा लहान आणि फिकट असतं.

तांसीच्या ताईंना शेवटी उत्तर देते. तुमच्या दोन्ही तलंगा, वर्णनावरून, ग्रामप्रिया दिसतात. त्यांना बसवण्याचा नाद सोडा, त्यांची अंडी लेकरांना खाऊ घाला. गल्लीत विचारून कोणाकडे पक्की खुडूक बसणारी म्हातारी कोंबडी असेल तर तिचीच अंडी तिच्याखाली बसवून पिल्लं अर्धलीने मागून घ्या. पैसे देऊ नका, ती विकायचीही नाही. दिवाळीनंतर बसवायची असेल तर दसऱ्यापासूनच तिच्या अंड्यांवर लक्ष ठेवा, आणि लसीचा दिवस कोणता हे गोपालमित्राला आत्ताच विचारून ठेवा. पिल्लं पाच दिवसांची होतील तेव्हा बाटली गावात असायला हवी.